भिंतीपलीकडचं रडणं

आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घेत नसत, आणि मी म्हातारी झाले तरी ती सवय काही गेली नाही. म्हणून इथेही मी त्यांना 'हे'च म्हणणार. हे ठाण्याला शाळेत मास्तर होते आणि गावातली टवाळ मंडळी त्यांना माकडमास्तर म्हणत. माणूस आणि वानर यांचा मूळपुरुष एकच, असं यांनी एकदा वर्गात सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी मुलांचे बाप तक्रार घेऊन ओसरीवर हजर. त्यांतल्या एकाला मी चहा करून दिला, तेव्हा तो मलाच विचारू लागला, "वहिनी, तुम्हाला हे पटतं का हो?" मी म्हटलं, "घरात रोज बघते, न पटून सांगते कोणाला?" हे मात्र माझ्या बाजूने हसले.

खरं तर वानरांशी यांना काही देणंघेणं नव्हतं. यांचा ध्यास वेगळाच होता. राग कुठून आला, भीती कुठून आली, माणसाला रडू का येतं, आणि एकाचं दुःख पाहून दुसऱ्याच्या पोटात का कालवतं, हे यांना कळून घ्यायचं होतं. देवाने दिलं म्हणून गप्प बसावं, तर तो यांचा स्वभाव नव्हता. मुंबईहून विलायती पुस्तकं मागवत, ती वाचत, आणि वाचलेलं घरात पडताळून बघत. घरात पडताळायला मीच होते. बोक्याने कुत्रं पाहून पाठ फुगवली की हे मला हाक मारत आणि थंडीच्या दिवसांत माझा हात धरून दंडावरचा काटा दाखवत. "आपल्याला आता केसच उरले नाहीत, पण अंग अजून फुगायला बघतंय," असं म्हणत. मी भांडायला लागले की हे उत्तर देत नसत, माझ्या नाकपुड्यांकडे बघत बसत. भांडणाऱ्या बाईचा याहून मोठा अपमान नाही.

यांचं आवडतं बोलणं मात्र कळपाचं. तळ्याकाठच्या पिंपळावरून कावळ्याचं पिल्लू पडलं की सगळे कावळे गोळा होऊन आकांत करतात, ते दाखवून हे म्हणत, "ज्या कळपात एकाचं ओरडणं दुसऱ्याच्या अंगाला लागत नाही, तो कळप टिकत नाही. आपण टिकलेल्यांची पोरं आहोत. दया आपल्याला शिकावी लागत नाही, ती रक्तात आहे." मी विचारलं, मग आपल्या आळीत कोणाचं ओरडणं कोणाच्या अंगाला लागताना दिसत नाही, ते का? त्यावर हे म्हणाले, "लागतं गं. लोक दाबून टाकतात."

माझं माहेर ठाकुर्लीचं. तेव्हा तिथे भाताची खाचरं, थोडी घरं आणि चिंचांची झाडं, एवढंच होतं. लहानपणी आमच्या म्हशीचं रेडकू मेलं. म्हैस दूध देईना. धार काढायला बसलं की लाथ झाडी आणि मान वळवून बघत राही. मग गड्याने मेलेल्या रेडकाचं कातडं सोडवलं, त्यात पेंढा भरला, आणि ते पेंढ्याचं रेडकू तिच्यासमोर उभं केलं. म्हशीने ते हुंगलं, चाटलं, आणि तिला पान्हा फुटला. घरातले सगळे खूश झाले. मी ते दूध प्यायले नाही. तिला फसवलं म्हणून मी गड्याशी कितीतरी दिवस बोलत नव्हते.

लग्नानंतर मी ही हकिगत यांना सांगितली. यांनी हातातलं पुस्तक मिटून ऐकलं. मग म्हणाले, "ती फसली नसेल. तिला कळत असेल की हे आपलं नाही. पण अंग मनापेक्षा जुनं आहे. ते मनाला विचारत नाही." मला तेव्हा हे बोलणं फारसं पटलं नाही. पुरुषमाणसाला पान्ह्यातलं काय कळतंय, असं मनात आलं.

मग आम्हाला मुलगी झाली. बाळंतपण ठाकुर्लीला झालं, आणि बारशानंतर यथावकाश मी तिला घेऊन ठाण्याला आले. हे शाळेतून आले की पाळण्याशी जाऊन बसत. नवं मूल कोरडं रडतं, हे मला यांनीच दाखवलं. तोंड लालबुंद होतं, मुठी आवळतात, पण डोळ्यांतून टिपूस येत नाही. माझ्या आईने इतकी मुलं वाढवली, पण तिच्याही ध्यानात हे आलं नव्हतं. हे रोज वाट बघत. मी वैतागून म्हणायची, "पोरीच्या डोळ्यांत पाणी यावं म्हणून वाट बघणारा बाप मी पहिल्यांदाच बघतेय." आणि एक दिवस ती भुकेने रडत होती तेव्हा डोळ्याच्या कोपऱ्यात एक थेंब जमला. यांनी मला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. तो थेंब बोटावर घेऊन म्हणाले, "आज ही माणूस झाली."

त्याच आश्विनात तिला ताप भरला. वैद्य झाले, डॉक्टरही झाले. ताप उतरला तो तिला घेऊनच. यांनी तिला माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि खाडीच्या बाजूला नेऊन पुरली. परत आले, दाराशी पाय धुतले आणि पाळणा सोडून माळ्यावर टाकला.

माझ्या दुधाला मात्र ती गेल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. वेळ झाली की ते येई. शेजारणींनी सांगितलं तशी मी मोगऱ्याची फुलं छातीवर बांधली, वर घट्ट फडकं आवळलं. ठणका इतका लागे की भिंतीला डोकं टेकून बसावं लागे. ज्या भिंतीला मी डोकं टेकत असे, ती कुडाची होती, आणि तिच्या पलीकडे काकू राहत.

काकू विधवा होत्या, सोवळ्याच्या कडक. मुलगा मुंबईला नोकरीला होता, सणावारी यायचा. मुलगी एकच, कल्याणला दिलेली, ती पहिल्या बाळंतपणासाठी आईकडे आली होती. माझी मुलगी जाऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा तिला मुलगा झाला. आणि बाळंतज्वराने ती गेली. काकूंच्या पदरात तेवढं एक मूल राहिलं. कल्याणची मंडळी म्हणाली, जरा अंग धरू दे, मग घेऊन जाऊ.

मूल अंग धरीना. आळीतली एक लेकुरवाळी चार दिवस येऊन पाजून गेली, मग तिच्या सासूने बंद केलं. गाईच्या दुधात पाणी घालून काकू त्याला बोंडल्याने भरवत. बोंडल्याची चोच तोंडाशी लावली की निम्मं ओघळून जाई, उरलेलं पोटात ठरत नसे. ते मूल रडे. कुडाच्या भिंतीला ते रडणं अडत नसे. त्याने टाहो फोडला की माझी फुलं, फडकं, चोळी, सगळं भिजून जाई. पहिल्यांदा झालं तेव्हा मला स्वतःचाच भयंकर राग आला. माझी जाऊन महिना झाला नव्हता, आणि माझं अंग दुसऱ्याच्या पोरासाठी वाहत होतं. मग मला ती म्हैस आठवली.

मी काकूंच्या दारात गेले. म्हटलं, "काकू, माझं दूध वाया जातंय. त्याला माझ्याकडे द्या."

काकूंनी मला बसवलं. त्या वाईट बोलल्या नाहीत, हे मला आजही सांगितलं पाहिजे. जिचं मूल गेलं तिचं दूध दुसऱ्याच्या मुलाला घालायचं नाही, हे तेव्हा सगळेच मानत. माझ्या आईनेही तेच सांगितलं असतं. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवायला पुढे झाल्या, सोवळं आठवून थांबल्या, आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मुली, तुझं मन चांगलं आहे. पण तुझीही त्याच दुधावर होती ना गं?"

मी घरी आले आणि भिंतीपासून लांब जाऊन बसले. घर एवढंसं, लांब जाऊन जाणार कुठे.

वाट काढली ती बाळाला आंघोळ घालणारीने. ही चेंदणीच्या कोळीवाड्यातली बाई, माझ्या मुलीलाही तिनेच न्हाऊ घातलं होतं. एका सकाळी ती मागच्या परसातून, केळींच्या आडून आली. पदराखाली ते मूल होतं. म्हणाली, "बाय, पोर सुकून चाललंय. म्हातारी सोवल्यान देवापुढं बसली का तिला पोराला शिवता येत नाय. तवर घे याला."

त्याचं डोकं नारळाएवढंसं, कातडी सैल. त्याने तोंड लावलं. मी खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं की परक्याचं मूल छातीशी धरताना जीव तुटेल, आपली आठवून. तसं काही झालं नाही. किती तरी दिवसांनी ठणका थांबला. मी डोळे मिटून घेतले आणि ते मूल गटागट पीत राहिलं.

मग तो नेम पडला. सकाळी काकूंची पूजा, जप, पोथी होईपर्यंत, आणि संध्याकाळी त्या देवळात गेल्या की. हे सकाळी ओसरीवर पुस्तक उघडून पहाऱ्याला बसत. कोणी आलंच तर मोठ्याने खाकरायचं, असं ठरलं होतं. यांना खाकरणंसुद्धा धड जमत नसे. एकदा खाकरायच्या ऐवजी यांना ठसकाच लागला, आणि आलेला माणूस यांना पाणी द्यायला आत शिरू लागला. त्या दिवशी मी कितीतरी दिवसांनी हसले.

मूल भरलं. गालांना गोलाई आली, मनगटाला वळी पडली. मला ओळखू लागलं. केळींची पानं सळसळली की मान वळवी. आणि एक दिवस मी त्याला जरा उशिरा घेतलं म्हणून ते रडलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी यांना हाक मारली. हे आले, बघितलं, आणि यावेळी बोट पुढे केलं नाही. नुसते उभे राहिले. मग म्हणाले, "बघ, दया रक्तात आहे म्हणत होतो ना मी." यांचा चेहरा इतका उजळला होता की मला भीती वाटायला हवी होती. मला तेव्हा बरंच वाटलं.

पौषात काकू आमच्याकडे प्रसाद घेऊन आल्या. कधी नव्हे त्या हसत होत्या. देवीचा अंगारा लागू पडला म्हणाल्या. नातू आता जगतो, मुलीच्या जिवाची खूण राहिली म्हणाल्या. मी चुलीपुढे भाकरी थापत होते. मला वाटलं, म्हणू दे बिचारीला, अंगाऱ्याने तर अंगाऱ्याने. आपल्याला मूल जगल्याशी कारण.

यांना ते जमलं नाही. लोक म्हणतात तसं यांनी श्रेय घ्यायला सांगितलं, असं नाही. यांना श्रेयाचं सोयरसुतक नव्हतं. यांचा आपला विश्वास, की समोर पुरावा ठेवला की माणसाला पटतं, आणि जिथे इतकी माया आहे तिथे तर पटणारच. हे म्हणाले, "काकू, अंगारा नव्हे, हिचं दूध आहे ते. आता तुम्हीच बघा, त्याला काही बाधलं का? उलट भरलाय. अहो, कुत्री मांजराच्या पिल्लाला पाजते. जनावराला जे कळतं ते आपण..."

मी भाकरी तशीच टाकून बाहेर आले. काकूंच्या चेहऱ्याकडे हे निरखून बघत होते, सवयीने. मीही बघितलं. मला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. प्रसादाची वाटी त्यांनी खाली ठेवली. म्हणाल्या, "मास्तर, मुलगी गेलीय हो माझी. माझ्याजवळ हे एवढंच आहे." आणि गेल्या.

भिंतीपलीकडे काकू माझं दूध निघून जावं म्हणून मुलाचं तोंड धूत होत्या. ते गुदमरत होतं, ठसकत होतं, आणि मला सगळं ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ साधून त्या त्याला घेऊन होडीने कल्याणला निघाल्या, बापाच्या घरी. आगगाडीत शिवाशीव होते म्हणून होडी. आंघोळ घालणारीने पाय धरले, थंडी आहे, निदान मला बरोबर न्या म्हणाली. तिला त्यांनी उंबऱ्यात उभं केलं नाही. मी गाठोडं करून दुलई दिली. ती दुलई त्यांच्या ओसरीवर तशीच राहिली.

कल्याणला तिथे कोणी तरी पाजायला मिळेल, अशी काकूंची समजूत होती. मिळालं नाही. पुन्हा बोंडलं आलं. बोंडल्याला ते तोंड लावीना. चोच लागली की मान फिरवी आणि शोधत राही, असं तिथून आलेल्या माणसाने सांगितलं. तो माणूस सहज सांगत होता, त्याला काय ठाऊक ते काय शोधत होतं. संक्रांत झाली आणि ते मूल गेलं.

यांनी ते ऐकलं आणि मागच्या परसात जाऊन बसले. मी दारातून पाहिलं. भुवयांची आतली टोकं वर चढलेली, ओठांचे कोपरे खाली ओढलेले, सगळं यांच्या पुस्तकात असेल तस्संच. यांना मात्र ते दिसत नव्हतं. "मला वाटलं, त्यांना आनंद होईल," एवढंच हे पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी जवळ गेले नाही. जेवण वाढत होते, पाणी ठेवत होते, बोलत मात्र नव्हते. नवऱ्यावर माणूस रागावतं तसला तो राग नव्हता. दोन मुलं गेली होती, आणि दुसरं आम्ही वाचवलं होतं, हातात होतं.

दूध सकाळच्या त्या वेळेला आपोआप येतच राहिलं. केळींची पानं हलली की येई. मग हळूहळू कमी झालं, आणि आटलं. फडकं सोडलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता या अंगाशी आपलं काही भांडण उरलं नाही, असं मनाशी म्हटलं.

माघ संपता संपता काकू परत आल्या, एकट्या. आमच्या दारावरून गेल्या, आत पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. तोंड धुताना ठसकणारं ते मूल माझ्या कानांत होतं. त्यांना मी कधीही क्षमा करणार नाही, हे मी पक्कं ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मोडायचा माझा स्वभाव नाही. दिवेलागणीला मी वाती करत भिंतीशी बसले होते. हे समोर होते. पलीकडून आवाज आला.

आधी मला कळलंच नाही, कशाचा आवाज आहे तो. काकूंना रडताना मी कधी ऐकलं नव्हतं, मुलगी गेली तेव्हासुद्धा नाही. म्हाताऱ्या बाईचं रडणं इतकं बारीक असेल असं वाटलं नव्हतं. ते चढायचं, श्वास अडकायचा, क्षणभर काहीच नाही, आणि पुन्हा सुरू व्हायचं. अगदी तसंच. त्या मुलाचं रडणं असंच होतं.

यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि लगेच खाली घातली. एक शब्द बोलले नाहीत. तेवढं हे शिकले होते.

मी दात आवळून बसले. म्हटलं, रड. तुझ्या हातांनी गेलंय ते, रड आता. माझ्या मनात दयेचा लवलेश नव्हता, हे मी देवासमोर सांगेन. वाती करायला मान खाली घातली, तेव्हा हातावर काही तरी कोमट पडलं. मला वाटलं, डोळ्यांतलं असेल. डोळे कोरडे होते. माझी चोळी भिजली होती.